निःस्वार्थ म्हणजे नक्की कशाशिवाय?

शब्दयात्री

कुणाबद्दल चांगलं बोलायचं ठरलं की 'निःस्वार्थ' हा शब्द आपोआप तोंडी येतो. मानपत्रात येतो, श्रद्धांजलीत येतो, मैत्रीला लागतो, प्रेमाला लागतो. मला वाटतं, हा शब्द आपण इतका सैल करून टाकलाय की त्याच्याखाली चार-पाच वेगळे गुण दबून गेलेत. आणि त्यातला सगळ्यात अवघड गुण कुणी ओळखतही नाही.

बघा ना. ज्याला पैशाचा मोह नाही तो निर्लोभी. ज्याला मानाचीही हाव नाही तो निःस्पृह. फळावर डोळा न ठेवता जो काम करतो तो निष्काम. ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडून परतफेडीची वाट न पाहणारा निरपेक्ष. परोपकारी हा शब्द तर करणाऱ्याच्या मनात डोकावतच नाही, दुसऱ्याचं भलं झालं एवढंच सांगतो. माणूस यातला एक असून दुसरा नसू शकतो.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघा संशोधकांनी १९२३ साली त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं. एवढ्या मोठ्या शोधावर पाणी सोडणं सोपं नव्हतं. पण त्याच वर्षी नोबेल बँटिंग आणि त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाऊड यांना विभागून जाहीर झालं, तेव्हा बँटिंग संतापले. बेस्टला वगळलं याचा राग होता, मॅक्लाऊडना मिळालं याचाही होता. त्यांनी आपल्या बक्षिसाची रक्कम बेस्टबरोबर वाटून घेतली. मग मॅक्लाऊडनीही आपली कॉलिपबरोबर वाटून घेतली. आता बँटिंगना काय म्हणायचं? पैशाच्या बाबतीत निर्लोभी, यात शंका नाही. श्रेयाच्या बाबतीत निःस्पृह मात्र नाहीत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. 'निःस्वार्थ शास्त्रज्ञ' असं म्हणून टाकलं की हा सगळा माणूसच हरवतो.

माझ्या मते पैसा सोडणं त्या मानाने सोपं, श्रेय सोडणं अवघड, आणि सगळ्यात अवघड म्हणजे हक्क सोडणं. 'मी तुझ्यासाठी एवढं केलं' या वाक्यातला हक्क. कित्येक माणसं एक पैसा घेत नाहीत, नावही पुढे करत नाहीत, पण ज्याला मदत केली त्याने पुढचं आयुष्य आपल्या सल्ल्याने जगावं असं त्यांना मनापासून वाटतं. उपकाराचं ओझं म्हणतात ते हेच. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची व्याख्या करताना 'अनुपकारिणे' असा शब्द आलाय: जो उलट उपकार करू शकत नाही, त्याला दिलेलं. पुढच्याच श्लोकात परतफेडीच्या आशेने दिलेलं दान राजस ठरवलंय. म्हणजे कसोटी लावलीय ती देणाऱ्या-घेणाऱ्यांत पुढे काय उरतं यावर.

म्हणून 'निःस्वार्थ' बाजूला ठेवून आपण 'निरपेक्ष' वापरावा, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

तर्ककठोर

एवढी फोड करायची गरजच काय? निःस्वार्थ असं काही नसतंच. देणाऱ्याला बरं वाटतं म्हणून तो देतो. नाही दिलं तर टोचणी लागते, ती नको म्हणून देतो. अर्थशास्त्रात याला नावसुद्धा आहे: जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० च्या सुमारास 'वॉर्म ग्लो' ही कल्पना मांडली, दिल्याने आतून मिळणारी ऊब. लोक फक्त समोरच्याचं भलं व्हावं म्हणून देत असते, तर दुसऱ्या कुणी दिल्यावर त्यांनी आपलं देणं तेवढंच कमी केलं असतं. तसं होत नाही, कारण 'मी' दिलं याला त्यांच्या लेखी किंमत असते.

तुम्ही पैसा, श्रेय, हक्क असे थर सोलत गेलात. अजून एक थर सोला, खाली समाधान सापडेल. तेही स्वतःचंच.

पाणवठा

@तर्ककठोर, या युक्तिवादाला तीनशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय. जोसेफ बटलर या धर्मोपदेशकाने १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत ते दिलंय. त्याचा आशय असा: समाधान मिळण्यासाठी आधी कशाची तरी इच्छा असावी लागते. मला तुमचं भलं व्हावं असं वाटतच नसेल, तर तुमचं भलं झाल्यावर मला आनंद कशाचा होणार? आनंद मागाहून आला म्हणून तो हेतू ठरत नाही.

बाप लेकराला पाण्यातून ओढून काढतो आणि मग त्याला हायसं वाटतं. हायसं वाटावं म्हणून त्याने उडी मारली असं तुम्ही म्हणणार? मग त्याला कुणी म्हटलं असतं, 'मी तुला अशी गोळी देतो की मूल बुडालं हेच तू विसरशील आणि तुला शांत वाटेल', तर त्याने गोळी घेतली असती का?

तर्ककठोर

नसती घेतली. पण पोटच्या मुलाचं उदाहरण देऊन तुम्ही काम सोपं करून घेतलंत. अनोळखी माणसाचं द्या.

पाणवठा

देतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांचा १९८१ सालचा प्रयोग. एका बाईला विजेचे धक्के बसताहेत असं दृश्य लोकांना दाखवलं. धक्के खोटे होते, बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. मग विचारलं, तुम्ही तिची जागा घ्याल का? काहींना सांगितलं होतं की नाही म्हटलंत तर थोडंच बघून निघून जाता येईल. काहींना शेवटपर्यंत बघत बसावं लागणार होतं. माणूस फक्त स्वतःची अस्वस्थता टाळतो हे खरं असेल, तर सुटका सोपी असताना बहुतेकांनी निघून जायला हवं होतं. ज्यांना तिच्याबद्दल फारसं काही वाटत नव्हतं त्यांच्यापैकी बरेचसे गेलेही. पण ज्यांना तिच्याबद्दल कळवळा वाटला, त्यांच्यातले बहुतेक जण दार उघडं असतानाही तिची जागा घ्यायला तयार झाले.

तर्ककठोर

प्रयोग माहीत आहे, आणि त्यावरचा वादही. रॉबर्ट चाल्दीनी यांनी १९८७ साली दाखवलं की कळवळ्याबरोबर माणसाला उदासीही येते आणि मदत ही ती उदासी घालवण्यासाठी असू शकते. पुढे १९९७ मध्ये त्यांनी आणखी मूलभूत मुद्दा मांडला: ज्याच्याबद्दल कळवळा वाटतो त्याच्यात आपल्याला स्वतःचा अंश दिसायला लागतो. 'मी' आणि 'तो' यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात. मग मदत कुणाला केली? काही अंशी स्वतःलाच.

बॅटसन गटाने यालाही उत्तरं दिलीत, मान्य. पण प्रश्न मिटलाय असं कुणी सांगू नये.

पाणवठा

पण ही हरकत आहे की वर्णन? तुकोबांनी साधू कुणाला म्हणायचं ते सांगताना हेच लक्षण दिलंय: रंजल्यागांजल्यांना जो 'आपुले' म्हणतो तो. 'स्व' पुसून टाका असं ते सांगत नाहीत, तो मोठा करा म्हणतात. ज्याच्या 'आपुले'मध्ये अनोळखी माणूस मावतो त्याला तुम्ही स्वार्थी म्हणणार असाल, तर खुशाल म्हणा. मात्र दुसऱ्याच्या तोंडचा घास ओढणाऱ्यासाठी मग वेगळा शब्द शोधावा लागेल, कारण दोघांना एकाच शब्दात बसवता येणार नाही.

व्याकरणवेडी

मूळ चर्चेत थोडं आडवं येते. कृपा करून 'निःस्वार्थी' लिहू नका. 'निःस्वार्थ' म्हणजेच ज्यात किंवा ज्याच्यात स्वार्थ नाही तो, त्याला पुन्हा 'ई' जोडायचं कारण नाही. 'निर्दोष' असताना 'निर्दोषी' म्हणण्यातला प्रकार आहे हा.

आणि धागाकर्त्यांनी सुचवलेला 'निरपेक्ष' मला पटत नाही. तो शब्द आधीच दोन कामांत गुंतलेला आहे. सापेक्षच्या विरुद्ध म्हणून 'निरपेक्ष सत्य' आपण म्हणतोच. शिवाय नुसतं 'तो निरपेक्ष आहे' म्हटलं की थोडी तटस्थता, कोरडेपणा ऐकू येतो. निःस्वार्थ शब्दात ऊब आहे, ती त्यात नाही.

सजीव

जीवशास्त्राच्या बाजूने थोडं. १९६४ साली हॅमिल्टन यांनी गणित मांडलं की नात्यातल्या जिवासाठी झीज सोसण्याची प्रवृत्ती निसर्गनिवडीत टिकू शकते, कारण त्याच्यात आपलेच जनुक काही प्रमाणात असतात. १९७१ साली ट्रिव्हर्स यांनी बिगर-नात्यातल्या परस्पर मदतीचं स्पष्टीकरण दिलं: आज मी, उद्या तू. यावरून बरेच जण निष्कर्ष काढतात की बघा, मुळात सगळा स्वार्थच. तो निष्कर्ष चुकीचा आहे. प्रवृत्ती कशी घडली हा एक प्रश्न आणि या क्षणी माणसाच्या मनात काय आहे हा दुसरा. आईच्या मनात जनुकांचा हिशोब नसतो, तिथे मूलच असतं. या दोन पातळ्यांची सरमिसळ केली की @तर्ककठोर यांना वाटतं तेवढं सगळं सोपं होऊन बसतं.

रातराणी

सगळं वाचलं. हे सगळं लिहिणाऱ्यांपैकी कुणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं दिवसरात्र केलंय का, असं मनात आलं. मी करते आहे. सासूबाईंचं. कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं, रात्री हाक आली की उठणं. मला त्या आवडतात, हेही सांगते, नाहीतर कुणीतरी म्हणेल जिवावर आलंय.

या काळात 'निःस्वार्थ' हा शब्द मला जितक्यांनी लावला, त्यांच्यातल्या एकानेही एक रात्र वाटून घेतली नाही. भेटायला येतात, माझं तोंडभर कौतुक करतात आणि निघतात. कौतुक झालं की त्यांचं काम संपतं. एकदा मी म्हटलं, आठवड्यातून एक दिवस कुणीतरी येऊन थांबा, मला बाहेर पडायचंय. तेव्हा चेहरे बदलले. म्हणजे मी काही मागितलं की मी निःस्वार्थ उरत नाही. हा शब्द मला तोंड बंद ठेवण्याची आगाऊ दिलेली मजुरी वाटायला लागलाय.

शब्दयात्री, तुमचा 'निरपेक्ष' तर याहून कडक आहे. अपेक्षा ठेवायचीच नाही? का नाही ठेवायची? मला झोप हवी आहे. माझी सोडलेली नोकरी परत मिळावी असं वाटतं. घरातल्या पुरुषांनी डायपर बदलायला शिकावं अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा असल्याने माझ्या करण्यातलं काही कमी झालंय का? तुम्ही पैसा, श्रेय, हक्क सोडण्याची चढती श्रेणी लावलीत. ती ज्यांच्याकडे सोडायला काही आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. घरात राबणाऱ्या बाईकडे यातलं पहिल्यापासून काहीच नसतं. तिने काय सोडायचं?

शब्दयात्री

@रातराणी, तुमच्या मुद्द्याने ही चर्चा जिथे यायला हवी होती तिथे आली. पण माझ्या म्हणण्यातला एक भेद बघा. मी 'निरपेक्ष' म्हणतो ते ज्याच्यासाठी केलं त्याच्याशी असलेल्या नात्यापुरतं. सासूबाईंनी परतफेड करावी असं तुम्हाला वाटत नाही, हे तुमच्या लिहिण्यातून स्वच्छ दिसतं. तुमची अपेक्षा आहे ती बाकीच्या घराकडून, ज्यांची हीच जबाबदारी होती त्यांच्याकडून. ती परतफेडीची अपेक्षा नाही, वाटणीची आहे. गीतेतल्या त्या श्लोकात घेणाऱ्याकडून काही मागू नका असं आहे. शेजारी हात बांधून उभ्या असलेल्या धडधाकट माणसाकडून काही मागू नका, असं कुठेही नाही.

आणि एक गोष्ट मी आधीच ठासून लिहायला हवी होती, इतकी ती महत्त्वाची आहे. निरपेक्षता ज्याची त्याने स्वतःकडून मागायची असते. दुसऱ्याने ती मागितली की त्याच क्षणी ती वेठबिगारी होते. 'आमच्या संस्थेत सगळे निःस्वार्थपणे काम करतात' असं जेव्हा पगार देणारा म्हणतो, तेव्हा पगाराचं पत्रक बघावं.

रातराणी

भेद पटतो. पण लोक शब्द वापरताना एवढा भेद करत नाहीत, आणि मला लोकांत राहायचंय.

उत्तररात्र

मला इथे सगळ्यांशीच थोडं भांडायचंय. आपण हेतूच्या शुद्धतेमागे का लागलोय?

ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड (अँटीबॉडी) होतं. त्यापासून असं औषध बनतं, की ज्यामुळे आईच्या आणि बाळाच्या रक्तगटातल्या विरोधाने बाळ दगावत नाही. १९५४ ते २०१८ या काळात त्यांनी १,१७३ वेळा दान केलं. सुमारे २४ लाख बाळांना त्याचा उपयोग झाला असा अंदाज सांगतात. त्यांनी सुरुवात का केली? चौदाव्या वर्षी त्यांच्या छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली, अनोळखी लोकांच्या रक्ताने ते वाचले, आणि मोठं झाल्यावर आपणही द्यायचं असं त्यांनी ठरवलं. ही कृतज्ञता आहे, म्हणजे एका अर्थी परतफेडच. तुमच्या व्याख्येत त्यांना कुठे बसवायचं यावर तुम्ही वाद घाला. त्या बाळांना त्याच्याशी कर्तव्य नाही.

भर्तृहरीने नीतिशतकात माणसांचे प्रकार सांगितलेत. स्वार्थ सोडून दुसऱ्याचं करतात ते सत्पुरुष. स्वतःच्या हिताला धक्का न लावता दुसऱ्याचं करतात ते सामान्य. स्वतःसाठी दुसऱ्याच्या हिताचा घात करतात ते माणसाच्या रूपातले राक्षस. आणि कारण नसताना दुसऱ्याचं वाटोळं करतात त्यांना काय म्हणावं, ते आपल्याला माहीत नाही, असं कवी म्हणतो. सगळे जण या श्लोकातल्या पहिल्या माणसाकडे बघतात. माझं लक्ष दुसऱ्यावर आहे. जग त्याच्या जिवावर चालतं, आणि कवीने त्याला हिणवलेलं नाही. त्याला 'सामान्य' म्हटलंय, स्वार्थी नाही. आपण मात्र दोनच कप्पे केलेत: एक तर संपूर्ण निःस्वार्थ, नाहीतर मतलबी. मधली एवढी मोठी जागा आपण ओसाड टाकली, म्हणून साधं चांगलं वागणाऱ्या माणसालाही आपण ढोंगी असल्यासारखं वाटतं.

सजीव

हेतू अगदीच बिनमहत्त्वाचा नाही हो. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावरच लिहिलं होतं की विकत घेतलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेलं रक्त जास्त सुरक्षित असतं. पैशाची गरज असलेला माणूस आपला आजार लपवतो, ज्याला फक्त द्यायचंय तो लपवत नाही. हेतूचा परिणाम थेट बाटलीत उतरतो.

उत्तररात्र

मान्य. पण तिथेही कसोटी बाटलीचीच लागली ना, अंतःकरणाची नाही.

तर्ककठोर

आता मला एक सरळ प्रश्न आहे. तुमच्यापैकी कुणीच 'निःस्वार्थ' शब्दाचा बचाव करत नाहीये. शब्दयात्रींना निरपेक्ष हवा, पाणवठ्यांना मोठा झालेला 'स्व' हवा, उत्तररात्र यांना हेतूशी देणंघेणं नाही, रातराणींना तो शब्दच जाचतो. मी पहिल्या ओळीत म्हटलं की असं काही नसतं, तर सगळे तुटून पडलात.

पाणवठा

मी करतो बचाव. तो शब्द पूर्ण माणसाला लावला की खोटा ठरतो, एका कृतीला लावला की खरा ठरू शकतो. अनोळखी माणसाला आपलं मूत्रपिंड देणारे लोक आहेत. कुणाला मिळणार हे माहीत नसताना ते देतात. ॲबिगेल मार्श यांनी २०१४ साली अशा दात्यांच्या मेंदूचा अभ्यास केला, तेव्हा दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहून त्यांच्या मेंदूतला ती भीती ओळखण्याशी संबंधित भाग इतरांपेक्षा जास्त प्रतिसाद देताना दिसला. ही माणसं घरी चिडत असतील, भावाशी वाटणीवरून भांडत असतील. पण ती एक कृती निःस्वार्थ होती असं म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

शब्दयात्री

मायमोनिडीज या ज्यू पंडिताने बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या लावल्या होत्या. देणारा कोण हे घेणाऱ्याला माहीत नाही आणि घेणारा कोण हे देणाऱ्याला माहीत नाही, ही पायरी पार वर आहे, पण सगळ्यात वर नाही. सगळ्यात वर आहे ती अशी मदत, जिच्यामुळे समोरचा स्वतःच्या पायावर उभा राहतो: भागीदारी, कर्ज, काम. तिथे देणारा अनामिक नसतो, त्याचाही फायदा होऊ शकतो. तरी ती पहिली. कारण, माझ्या वाचण्याप्रमाणे, तिच्यानंतर कुणीच कुणाचा मिंधा उरत नाही. मी हक्काबद्दल म्हणत होतो ते हेच.

व्याकरणवेडी

मग यासाठी तरी 'निरपेक्ष' नको. भागीदारीत अपेक्षा असतेच.

तर्ककठोर

@रातराणी, तुम्हाला एक विचारू? वाद म्हणून नाही. तुम्हाला लोकांनी काय म्हटलेलं चालेल?

रातराणी

परोपकारी नको, सासूबाई मला परक्या नाहीत. त्यागमूर्ती तर नकोच, मूर्तीला भूक लागत नाही असं लोकांना वाटतं. 'जबाबदार' म्हणा. त्यात माझं मोठेपण कमी होतं असं काहींना वाटेल, पण जबाबदारी वाटून मागता येते. निःस्वार्थपणातला अर्धा वाटा उचल, असं मी नणंदेला सांगू शकत नाही. सोमवार ते बुधवार तुझी जबाबदारी, हे सांगू शकते. आणि या रविवारी सांगणार आहे.